गुरुवारी गप्प राहणारी गाडी

कराडमध्ये गाडीतला आवाज ओळखणारा सगळ्यात चांगला माणूस दोन्ही कानांनी बहिरा होता. हे मी अनेकांना सांगितलं आहे आणि ऐकणारा दर वेळी हसतो. मी पहिल्यांदा त्यांच्या शेडसमोर गाडी उभी केली तेव्हा मात्र मला हसू येत नव्हतं.

ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीभर त्यांनी तोफा ओढणाऱ्या गाड्या दुरुस्त केल्या आणि तोफांच्या शेजारी राहून कान घालवले. आमच्याकडे फौजेतून घरी आलेल्या माणसाला सरसकट मेजर म्हणतात, तसे तेही मेजर. शेड कृष्णेच्या पुलापलीकडे, विट्याच्या रस्त्याला, चिंचेच्या झाडाखाली. पाटी नव्हती. पत्ता विचारला तर लोक सांगायचे, “पुढं जावा, जिथं कोणतरी वरडत असंल तीच शेड.”

ओरडणारे मेजरच. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ते साधं “बसा” म्हणाले तरी परेडचा हुकूम सुटल्यासारखा वाटे. त्यांच्या पत्नी, सगळ्या गिऱ्हाइकांच्या मामी, शेडच्या दारात खुर्ची टाकून भाजी निवडत बसायच्या आणि त्यांच्या ओरडण्याचा अर्थ लावून द्यायच्या. “रागावलं न्हाईत. च्या घेणार का इचारत्यात.” फोनही मामींचाच. मेजर समोर उभे असताना त्या खुशाल सांगायच्या, “मेजर न्हाईत, जेवायला गेल्यात.” आणि मेजर त्यांच्या ओठांवरून ते वाचून मान डोलवायचे.

फौजेच्या दवाखान्यातून त्यांना कानाचं मशीन मिळालं होतं. ते लग्नाकार्याला लावायचे, शेडमध्ये कधीच नाही. मी एकदा कारण विचारलं. “त्यानं माणसांचं ऐकू येतंय, ताई,” ते म्हणाले, “आन् गाडीचं जातंय.”

गाडीचं ते दातांनी ऐकायचे. त्यासाठी त्यांच्याकडे लाटणी होती. एक सागवानी, एक बाभळीचं, एक कसलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. लाटण्याचं एक टोक इंजिनावर किंवा पत्र्यावर टेकवायचं, दुसरं दातात धरायचं, डोळे मिटायचे. थोड्या वेळाने लाटणं काढून ते पुसायचे आणि दोषाचं नाव सांगायचे. मामींचं गाऱ्हाणं रास्त होतं. “माझ्या घरात चपात्या कमी आन् गॅरेजात लाटणी जास्त. पाव्हणं आलं की मी बाटलीनं लाटते.”

त्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाने पार्टचं नाव घ्यायचं नाही. कोणी येऊन “मेजर, शॉकर गेलाय बघा” म्हणाला की मेजर लगेच हात पुसायला घ्यायचे. “मग घाला की नवा! माझ्याकडं कशाला आलाय?” माणूस खरोखरच परत पाठवला जायचा. त्यांना दुखणं ऐकायचं असे, निदान नव्हे. आणि दुखणंही तोंडाने करून दाखवावं लागे. शेतकी खात्यातले एक मोठे साहेब चिंचेखाली उभे राहून “घुर्र, घुर्र, खट्” करताना मी पाहिलेत. मेजर त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. “खट् आदी का घुर्र आदी? नीट करा, साहेब.” साहेबांनी पुन्हा पहिल्यापासून केलं.

ती शेड आता नाही. मेजर आणि मामी मुलीकडे पुण्याला राहायला गेले. तिथे सोसायटीची लिफ्ट दोन दिवस कुरकुरत होती तर मेजर लाटणं घेऊन तिच्यात शिरले, शेजारी घाबरले आणि लिफ्ट दुरुस्त झाली, असं मामींनी फोनवर सांगितलं. मी तीन वर्षांपूर्वीचं सांगते आहे.

मी तासगावला एका बेदाणा व्यापाऱ्याच्या गोदामात मालाची प्रतवारी आणि नोंदी सांभाळते. कराडहून सकाळी सव्वासातला निघते, संध्याकाळी परत. गाडी जुनी, छोटी, अठरा वर्षांची. अडतिसाव्या वर्षी मी तिच्यावरच चालवायला शिकले. दिवसाचे ते तीन तास गाडीत मी एकटी असते आणि मला कोणी काही विचारत नाही. घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईला याची किंमत वेगळी सांगायला नको.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर गाडीत आवाज यायला लागला. कुठूनतरी मागून, टक्. गतिरोधकावरून हळू उतरताना, खड्ड्यात, कधी वळणावर. रोज. फक्त दुसरं कोणी गाडीत असलं की येत नसे.

मी शिस्तीत सुरुवात केली. पहिल्या गॅरेजने पुढच्या चाकांमागचे रबरी बुश बदलले. दुसऱ्याने मागचे शॉकर बदलले. तिसऱ्या ठिकाणी चकचकीत वर्कशॉप होतं. तिथे गाडी लिफ्टवर उचलली, चाकं हलवून बघितली, कॉम्प्युटर लावला आणि मला छापील कागद दिला. सगळं ठीक. तिन्ही ठिकाणी चाचणीला निघताना वाक्य एकच असायचं, “मॅडम, तुम्ही चालवा, आमचा माणूस मागे बसून ऐकतो.” माणूस मागे बसायचा, कान टवकारायचा आणि आवाज यायचा नाही.

रविवारी घरचे सगळे निघायचो तेव्हाही तेच. सासूबाई नेहमी मागे डावीकडे बसतात, पुढे पट्टा काचतो म्हणून. “कुटं वाजतंय? मला तर कायबी ऐकू येत न्हाई,” त्या म्हणायच्या. नवरा आरशातून त्यांच्याकडे बघून मान डोलवायचा.

एक दिवस तो म्हणाला, “एकदा कान तपासून घेऊ.” मी साताऱ्याला जाऊन कानाच्या डॉक्टरांसमोर हेडफोन लावून बसले. रिपोर्ट उत्तम आला. मी तो आनंदाने घरी आणला आणि तीच माझी चूक झाली. कान चांगले आणि आवाज कोणालाच येत नाही, मग राहिलं काय? सासूबाईंनी शेजारी सांगितलं, “ह्या वयात बायकांना हुतंय असं काय काय.”

मग नवऱ्याने निकाल दिला. तो वाईट माणूस नाही, बँकेत नोकरी करतो, मुद्दे मांडून बोलतो. “आवाज खरा असेल तर गाडी धोक्याची. खोटा असेल तर तू रोज एकटीने एवढं अंतर चालवणं धोक्याचं. दोन्हीकडून गाडी बंदच करायला हवी. एक तारखेपासून एसटीने जा. जमत नसेल तर नोकरीचा विचार करू.”

या वाक्यात मला कुठे खोट काढता येईना. एक तारखेला दहा दिवस होते.

मेजरांकडे मी त्याच आठवड्यातल्या शनिवारी गेले. ऑफिसातल्या कोणीतरी नाव सांगितलं होतं, ते बहिरे आहेत हे सांगितलं नव्हतं. मी गाडीतून उतरून बोलायला लागले. मेजर माझ्या तोंडाकडे बघत राहिले आणि मामी भाजी बाजूला ठेवून म्हणाल्या, “हळू बोला आन् तोंड त्यांच्याकडं करा. ऐकू येत न्हाई त्यास्नी.” माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. कानाच्या डॉक्टरांकडून निघून मी बहिऱ्या मिस्त्रीपर्यंत पोचले होते.

“आवाज काडून दावा,” मेजर ओरडले.

मी जिभेने टाळूवर केला. टक्.

“येक का दोन?”

“एक.”

“कवा?”

यासाठी माझ्याकडे तयारी होती. मी यादीशिवाय जगत नाही. पर्समधून वही काढून दिली. सात आठवड्यांच्या नोंदी होत्या. तारीख, सकाळ की संध्याकाळ, रस्ता, वेग, कोरडं की ओलं, आवाज हो की नाही. घरात ही वही कोणी उघडूनही बघितली नव्हती. मेजरांनी चष्मा लावला, चिंचेच्या बुंध्याला टेकून बसले आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. कानाऐवजी कागद मिळाल्याने त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं. लाल पेन्सिलने ते अधूनमधून खूण करत होते. मी मामींबरोबर गवार मोडत बसले.

बऱ्याच वेळाने हुकूम सुटला. “ताई! गुरवारी संध्याकाळी गाडीचा उपास असतोय काय?”

“म्हणजे?”

“बगा की. समद्या गुरवारी सकाळी वाजलीय. संध्याकाळी येकदाबी न्हाई. सात गुरवार झालं.”

मी वही ओढून घेतली. खरंच की. माझ्याच हाताने सात वेळा ‘नाही’ लिहिलं होतं आणि मला दिसलं नव्हतं.

“गुरुवारी येताना मी बेदाण्याचे नमुने आणते,” मी म्हणाले. “कराडच्या व्यापाऱ्यांसाठी. चार पेट्या. मागच्या सीटवर.”

“कितीच्या पेट्या?”

“पंधरा किलोच्या.”

मेजरांनी बोटांवर हिशेब केला. “साठ. आन् रविवारीबी गाडी गपच हाय. तवा मागं कोन बसतंय?”

“सासूबाई.”

“वजन?”

मामी हसायला लागल्या. “आवं, बायामानसांचं वजन इचारत्यात व्हय असं?”

“मी गाडीचं इचारतोय!” मेजर ओरडले. मग वही मिटून माझ्या हातात दिली. “लय झ्याक वही हाय, ताई. समदं लिवलंय तुमी. फकस्त मानसं लिवली न्हाईत.”

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते इतकं सरळ होतं की मला माझाच राग आला. आवाज फक्त गाडीचा मागचा भाग रिकामा असताना येत होता. जो ऐकायला मागे बसे, तोच स्वतःच्या वजनाने आवाज दाबून टाकत असे.

पण मेजर अंदाजावर थांबणारे नव्हते. लाटणं लावून बघायचं तर गाडीत बसता येणार नाही, कारण बसले की वजन आलं. यावर त्यांनी काढलेला उपाय पुलाच्या त्या टोकाचे दुकानदार अजून विसरलेले नाहीत. मी एकटीने गाडी चालवायची, माणूस चालेल इतकी हळू. आणि अडुसष्ट वर्षांचे मेजर बाभळीचं लाटणं दातात धरून, त्याचं दुसरं टोक मागच्या चाकावरच्या पत्र्याला टेकवून, गाडीच्या बाजूने तिरके पळणार. समोर उसाच्या ट्रॉल्यांनी चर पाडलेला रस्ता. मागून मामी, “आवं पडशीला! आवं सोडा ते!” ऊस वाहणारा एक ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टर थांबवून बघत राहिला.

एकदा उजवीकडून पळाले, एकदा डावीकडून. डावीकडे तिसऱ्या चराला त्यांनी हात वर केला. लाटणं दातातून काढलं. दम लागला होता, तरी चेहरा सणासुदीचा झाला होता.

“सापडला!”

गाडी जॅकवर उचलून खाली ठोकळे लावले. मागच्या डाव्या स्प्रिंगमध्ये जाड काळं रबर बसवलेलं होतं. त्याला इकडे बफर म्हणतात. गावागावाच्या तोंडाशी एवढे उंच गतिरोधक आहेत की छोट्या गाड्यांचं पोट घासतं, म्हणून लोक स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये हे रबर कोंबून गाडी उचलून घेतात. आमच्या गाडीत ते माझ्या नवऱ्याने बसवून घेतलं होतं आणि गाडी दीड इंच वर आली म्हणून पाहुण्यांनाही दाखवलं होतं.

“बोट घाला,” मेजर म्हणाले. “रबराच्या आत. भ्यायचं न्हाई.”

मी घातलं. रबराआड ओला चिखल, त्याखाली गंजाचे पोपडे, आणि मग एक धारदार कड. स्प्रिंगचा वेढा आरपार तुटला होता. वजन असलं की तुटलेली टोकं एकमेकांवर दाबून बसायची, गाडी रिकामी झाली की सुटायची. टक्. वरून कोणी बघितलं तर अख्खं रबर तेवढं दिसायचं. आतल्या टोकाचं तोंड टायरकडे वळलेलं होतं.

“आनखी महिन्याभरात टायर फाडलं असतं,” मेजर या वेळी जवळजवळ हळू बोलले. “तुमाला ऐकू येत हुतं म्हनून वाचलासा.”

तुम्हाला ऐकू येत होतं. सात आठवड्यांत हे वाक्य मला पहिल्यांदा कोणी म्हणालं होतं.

मी म्हटलं, मग आत्ताच बदलून टाका. मेजरांनी मान हलवली. “आज खोलली तर साहेब म्हनतील, मिस्त्रीनंच मोडली. उद्या घरच्यास्नी घिऊन या. आदी ऐकवू, मग खोलू.” मागच्या सीटवर त्यांनी दोन वाळूची पोती ठेवली, वाटेत स्प्रिंग दबून राहावी म्हणून. गाडी हळू न्यायला बजावलं.

घरी नवरा म्हणाला, “ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडे आवाज ऐकायला गेली होतीस?” सासूबाई म्हणाल्या, “तुझं कान तपासलं, त्याचंबी तपासून घ्या म्हनावं.” पण रविवारी नऊला दोघे आले. मी एक तारखेचं नाव काढलं होतं. येणार नसाल तर निकाल एकतर्फी झाला असं मी म्हणेन, असं नवऱ्याला त्याच्याच भाषेत सांगितलं होतं.

मेजर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. पोती त्यांनी उतरवून घेतली. “आजी, तुमी हितं खुर्चीवर. साहेब, तुमी हितं, चराच्या बाजूला. हलायचं न्हाई.” मग माझ्याकडे वळून, “ताई, तुमी येकट्या. मागं कोन नगं, पिशवीबी नगं.”

मी शंभर पावलं मागे गाडी नेली. मेजरांनी हात खाली केला. मी निघाले. पुढची चाकं चरात उतरली, चढली. मागची उतरली.

टक्.

उघड्या काचेतून मला नवऱ्याचा चेहरा दिसला. त्याचं तोंड उघडं होतं. आणि मागून सासूबाईंचा आवाज आला, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा, “वाजली की गं! आत्ता! वाजली!”

मी गाडी वळवून आणली. मेजरांनी सासूबाईंना मागच्या सीटवर बसवलं. पुन्हा चर. काही नाही. त्यांना उतरवलं, मी एकटी गेले. टक्. सासूबाई रस्त्यातच उभ्या राहून विचार करत होत्या, मग एकदम त्यांचं डोकं चाललं.

“म्हंजे मी बसले म्हनून गप बसत हुती व्हय ही? आगं बाई! सासू बसली की सून गप, तशातली गत झाली की!”

मामी पोट धरून हसल्या. नवराही हसला. मेजर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले, मग मामींनी त्यांना खुणा करत सांगितलं आणि आमचं संपल्यावर ते एकटेच गडगडाटी हसायला लागले.

“मेजर,” मी त्यांच्यासमोर उभी राहून विचारलं, “तुम्हाला तर ऐकू आलं नाही. वाजली हे तुम्हाला कसं कळलं?”

“मला कशाला ऐकू यायला पायजे?” ते म्हणाले. “मी साहेबांकडं बगत हुतो.”

मग खोलली. नव्या स्प्रिंगा त्यांनी जोडीने आदल्या संध्याकाळीच आणून ठेवल्या होत्या. जुनीचा तुटका तुकडा निघाला, बोटभर लांब, एका बाजूने गंजलेला आणि दुसऱ्या बाजूने घासून चांदीसारखा चकचकीत झालेला. नवऱ्याने तो हातात घेतला, मग रबर हातात घेतलं आणि तुकडा त्याच्या खाचेत बसवून बघितला. “हे मीच बसवून घेतलं होतं,” तो म्हणाला.

“समदेच बसवत्यात, साहेब,” मेजर म्हणाले. “फकस्त पावसाळ्यानंतर काडून धुवायचं असतंय. ते कोन सांगत न्हाई.”

नवऱ्याने तुकडा माझ्यापुढे धरला. “मी ऐकायला हवं होतं,” एवढंच म्हणाला. मुद्दे मांडले नाहीत.

दुपारी गाडी खाली उतरली. एकदा चालवून बघायला हवी होती. नवऱ्याने सवयीने ड्रायव्हरच्या दाराला हात लावला, मग काढला. “मी येऊ का बरोबर?”

“नको.”

चर आला, गेला. काहीही वाजलं नाही. रस्त्याच्या कडेला ते चौघे उभे होते, मेजर सगळ्यांच्या पुढे. चाचणी तिथेच संपली होती, पहिल्या चौकात वळून परत यायचं होतं. मी वळले नाही. काच खाली केली, तिसरा गिअर टाकला, मग चौथा, आणि पुढच्या गावापर्यंत गेले. तिथून त्याच्या पुढच्या.

पाऊण तासाने परत आले तेव्हा नवरा रस्त्यावर येऊन थांबला होता. “कुठे होतीस एवढा वेळ?”

“टेस्ट,” मी म्हणाले.